मापाबाहेरचा टर्बो

मला राग लवकर येतो आणि उतरत मात्र नाही. धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या माझ्या गॅरेजात हे सगळ्यांना माहीत होतं. घेवरचंद शेठनाही.

ब्याण्णव साली त्यांच्या केळीच्या ट्रकचा टर्बो गेला. त्यांनी इंदूरच्या भंगारातून दुसरा आणला. धरणाच्या कामावरच्या अवाढव्य डंपरचा, घागरीएवढा. "मिस्त्री, हा बसव. मोठा आहे, जास्त ओढेल. पंपाचं डिझेलही वाढव."

मी खडू घेतला आणि फरशीवर हिशेब मांडला. सहा लिटरचं इंजिन. घाटात मिनिटाला चौदाशे फेरे फिरताना ते चार हजार लिटर हवा गिळणार, टर्बोने दाबून दिली तर सहा हजार. हा टर्बो त्याच्या तिप्पट हवेसाठी घडवलेला. त्याची पाती इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरतात. भरल्या गाडीने, हळू चढताना, तेवढा जोर येणार कुठून? पाती रेंगाळतील, हवा मिळणार नाही आणि वाढवलेलं डिझेल इंजिनालाच जाळेल.

शेठनी चपलेने हिशेब पुसला. "मिस्त्री, पाना तुझा, अक्कल माझी."

चार गिऱ्हाइकं हसली. माझं डोकं फिरलं. म्हटलं, घ्या मग! पट्ट्या कापून, नळ्या वाकवून टर्बो असा बसवला की कुठून थेंबभर तेल गळणार नाही. पंपाचं डिझेलही वाढवलं. रिकामी गाडी सोनगीरपर्यंत पळवली. सपाटीवर भन्नाट पळाली. शेठ खूश.

त्या गाडीवर लोटन बारा वर्षं ड्रायव्हर होता. शिंदखेड्याचा, माझ्याच गावचा. गेल्या दोन फेऱ्यांना माल दिल्लीला उशिरा पोचला होता, आणि शेठनी त्याला बजावलं होतं, आता घाटात मागे पडलास तर स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात. आमच्याकडे रीत अशी, की इंजिनाचं मोठं काम झालं की पहिल्या भरल्या फेरीला मिस्त्री घाट चढेपर्यंत केबिनमध्ये बसतो. इंजिनाचा आवाज ऐकतो, चुकलं असेल तर गाडी थांबवतो.

भडगावहून केळी भरून लोटन गॅरेजासमोर थांबला. "येस ना भो? घाटलगून."

"शेठला घेऊन जा. अक्कल त्यांची आहे."

"बरं. तूच बसाडेल शे, म्हंजे बरोबरच व्हयी," तो हसून म्हणाला आणि निघाला. तेव्हाच हाक मारायला हवी होती. डिझेल कमी करून द्यायला दहा मिनिटं पुरली असती. मी चहा मागवला.

बिजासनच्या घाटात, अर्ध्या चढावर, गाडीने काळा धूर ओकला. लोटन दुसऱ्या गिअरवर रेटत राहिला, कारण थांबला तर नोकरी जात होती. दोन पिस्टन वितळले. केळी तिथेच पिकून काळी पडली. तीन दिवसांनी गाडी ओढून माझ्या दारात आणली. लोटन केबिनमध्येच बसून आला होता, चेहरा काजळीने माखलेला.

शेठ जळगावहून तावातावाने आले. "सपाटीवर पळणारी गाडी घाटात मरते? ह्याला चालवता येत नाही! मिस्त्री, तू सांग. टर्बो बरोबर बसवला होतास ना?"

लोटन माझ्याकडे बघत होता. टर्बोच चुकीचा होता, मला ठाऊक होतं, एवढंच बोलायचं होतं. पण मग कुणीतरी विचारलंच असतं, ठाऊक होतं तर बसवलास कशाला? गाडीत बसला का नाहीस? त्या दिवशी हसलेली माणसं तिथंच उभी होती.

"बसवण्यात काही चूक नव्हती," मी म्हणालो.

शब्द न् शब्द खरा होता. अशा खऱ्याची मला आजही किळस येते.

"ऐकलंस?" शेठ लोटनला म्हणाले. "उतर."

लोटन भांडला नाही. त्याने केबिनमधून देवीचा फोटो काढला, डबा काढला, मग बारा वर्षांची मळलेली वळकटी दारातून खाली सोडली.

"धर रे निंबा जरा," तो म्हणाला. "खाले तेल सांडेल शे."

मी दोन्ही हातांनी धरली.