मुक्या गिटारची कबुली

दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यावर माणसं, खिडकीला माणसं. आतल्या खोलीचं दार उघडून नादबाबा बाहेर आले, त्यांनी बेस गिटारची वायर जोडली, डोळे मिटले आणि जाड तारेला बोट लावलं.

दुम्म!

खिडकीची काच थरथरली. बायकांनी हात जोडले. वरच्या मजल्यावरच्या पेन्शनर काकांनी तर डोळे पुसले. आत्या तेवढी शिवणयंत्राशेजारी हाताची घडी घालून बसली होती. एवढी माणसं तिने लग्नाच्या मोसमातही ब्लाउज न्यायला आलेली पाहिली नव्हती.

गिटार तिच्या भावाची. तो जाऊन चार महिने झाले. मागच्या आठवड्यात त्याच्या मुलाने, आत्याच्या भाच्याने, ती वाजवायला घेतली तर आवाजच नाही. स्पीकर तपासला, वायर बदलली, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, ढिम्म. मग कुणीतरी हे ध्यान घरी आणलं. पूर्वी लग्नांत स्पीकर उचलायचं, आता आत्मे उचलतं. बाबा गिटार आतल्या खोलीत नेत, दार लावून घेत, बाहेर आले की ती वाजे. मग आत्म्याला झोपवायला पुन्हा आत. सकाळी गिटार मुकी. आज ही तिसरी खेप.

"आत्म्याने मौन धरलंय," बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "नवी सून या घरात आहे तोवर तो माझ्याशिवाय बोलणार नाही. तिला माहेरी धाडा. कायमची."

सून, म्हणजे भाच्याची बायको, भिंतीला टेकून उभी होती. लग्नाला सहा महिने. भाचा तिच्याकडे न बघता पुटपुटला, "थोडे दिवस जाऊन ये ना. बाबांसाठी."

"तुझ्या बाबांसाठी की या बाबांसाठी?" आत्या कडाडली.

नादबाबांनी घाईने वायर काढली आणि गिटार उचलली. "आता झोपवतो."

"इथंच झोपवा."

"माई, आत्मा लाजतो."

"माझा भाऊ हजार माणसांसमोर वाजवायचा, तेव्हा नाही लाजला. मेल्यावर बरा लाजायला लागला! ठेवा ती खाली."

माणसं हसली. बाबांनी गिटार ठेवली, पण हात खिशावर गेला. आत्याची नजर कापडावरच्या सुरकुतीइतकीच खिशावरही पक्की.

"आत्या," सून हळूच म्हणाली, "मागचं झाकण उघडू? पहिल्या दिवशीच सांगत होते, मला हातच लावू दिला नाही कुणी." ती कानाच्या मशीनच्या दुकानात कामाला. "आमच्याकडे रोज माणसं येतात, मशीन मेलं म्हणत. निम्म्यांची बॅटरी संपलेली असते. हिलाही आत बॅटरी असणार."

"उघड."

झाकणाखाली चौकोनी बॅटरी होती. कोरी, झगझगीत. आत्याने बाबांपुढे तळहात धरला. "खिसा."

"अपमान होतोय आत्म्याचा!"

"खिसा!"

पेन्शनर काकांनीच खिशात हात घातला. जुनी बॅटरी निघाली. तिच्यावर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख. आत्याला वाचायला फार येत नसे. पण भावाचा पोट फुगलेला सात तिने लगेच ओळखला. बॅटरी बदलली की तारीख लिहायची त्याची सवय.

सुनेने वायर जोडून जुनी बॅटरी घातली. चिडीचूप. नवी घातली. दुम्म! पुन्हा जुनी. चिडीचूप. मग तिने गिटार काकांकडे दिली, "तुम्ही करा." काकांच्या बोटांनीही आत्मा बोलला, सुनेच्या देखत.

"पण संपली कशी?" भाच्याने विचारलं.

"वायर खुपसली की हिची बॅटरी चालू होते," सून म्हणाली. "वायर काढली नाही तर ती खर्च होतच राहते. चार महिने वायर आतच होती."

आत्याचा चेहरा उतरला. भाऊ गेला त्या दिवशी तिनेच बजावलं होतं : त्याने ठेवलंय तसंच राहू दे, कुणी हात लावायचा नाही. वायरसकट.

"माझाच शहाणपणा," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "आणि त्यापायी पोर घराबाहेर निघाली होती."

नादबाबा जिन्यावरून सटकले होते. पहिल्या रांगेत हात जोडणारेच आता म्हणत होते, आम्हाला आधीच संशय होता!

एवढ्या डोक्यांत एकालाही स्क्रू फिरवायचं सुचलं नाही, माणूस हाकलायचं मात्र पटकन पटलं. बाबांनो, वस्तू बंद पडली तर ती उघडून बघा. आपल्याला कळत नसेल तर ज्याला कळतं त्याला विचारा, मग ती कालची आलेली सून का असेना. आणि जो दार लावून चमत्कार करतो, त्याला दार उघडं ठेवायला सांगा. एवढं एक केलंत तरी पुरे.