एबेला कशाने मेली

त्या गुरुवारी तेकिनाबोची एकही होडी पाण्यात नव्हती. गुरुवार समुद्राचा, त्या दिवशी आमच्या किनाऱ्यावर कुणी जाळं टाकत नाही. पुरुष माडांखाली जाळी सांधत बसले होते. बायका कसावा किसत होत्या, हसत होत्या, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढत होत्या. अया न्यानेबा ही साठीची विधवा तेवढी एकटीच आपल्या भट्टीपाशी होती. मासे धुरावून विकणं हा तिचा धंदा. पण महिनाभर तिच्या भट्टीवर मासा चढला नव्हता; होडीवाले आणत तो मासा ती घेतच नव्हती.

लाकडं गोळा करायला गेलेली एक बाई पुळणीवरून धावत आली. "डॉल्फिन! सात आहेत! सगळे मेलेत!"

सगळं गाव किनाऱ्याकडे पळालं. ओल्या वाळूत सात देह ओळीनं पडले होते. लोकांनी ते क्षणभर पाहिले आणि मग एकेक मान अयाकडे वळली.

"गेल्या खेपेला थोरलीनं बोलावले होते," कुणीतरी पुटपुटलं. "आता धाकटी बोलावतेय."

"रक्तातच आहे यांच्या ते. नवरे खाल्ले, आता समुद्र खायला निघाल्यात."

अयानं हातातली नारळाची सोडणं घट्ट धरून ठेवली.

दुपारच्या आत शहरातून डॉ. अफिबा मिएझा आली. मेलेलं जनावर उघडून ते कशानं मेलं हे शोधून काढणं, हे तिचं काम. देवमासे आणि डॉल्फिन हा तिचा खास अभ्यास. आमच्या अख्ख्या किनाऱ्यावर हे काम करणारी ती एकटीच. शिवाय ती याच गावची मुलगी. तिला लहानाची मोठी केली ती तिच्या कांगामामानं. आमच्यात बापापेक्षा मामा मोठा. हा मामा म्हणजे गावच्या कोळ्यांचा मुखिया. त्याच्याच होडीच्या मासळीवर अफिबा शिकली, परदेशी जाऊन आली, डॉक्टर झाली.

गाडीतून उतरताच मामानं तिला बाजूला घेतलं. "दमली असशील. आधी जेव. कसाव्याचं आक्येके आणि तळलेला मासा केलाय तुझ्यासाठी. मग काय ते कापाकापीचं बघ. मागच्यासारखंच होऊ दे, काय?"

अफिबा ताटावर बसली, पण 'मागच्यासारखंच' हा शब्द तिला जेवू देईना.

दोन वर्षांपूर्वी याच पुळणीवर पाच डॉल्फिन लागले होते. अफिबानं ते उघडले. कानांच्या पोकळीत काळं रक्त साकळलेलं, फुप्फुसं फुटलेली. रोगाची खूण नाही, जाळ्याचा व्रण नाही. हे काम सुरुंगाचं होतं, हे तिला पहिल्याच कवटीत कळलं. सोन्याच्या खाणींतून चोरून आणलेला सुरुंग कोळी माशांच्या थव्यात फोडत होते. त्या वेळी मामा तिच्यापाशी येऊन उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "पोरी, तू हे लिहिलंस तर पहिल्या बेड्या मला पडतील." अफिबानं अहवालात लिहिलं: कारण निश्चित करता आलं नाही.

पण गावाला कारण हवंच होतं. अयाची थोरली बहीण एबेला, तीही विधवा, भर बाजारात बोलून गेली होती: "ह्या माशांना कणाच उरला नाहीये. हातात घेतला की चिंध्या होतात. धुरावू कसं?" होडीवाल्यांना ते झोंबलं होतं. डॉल्फिन लागले आणि त्यांना उत्तर सापडलं. एबेला चेटकीण ठरली. तिची भट्टी फोडली, झोपडी पेटवली.

अफिबा नमुन्यांच्या बरण्या घेऊन परत निघाली, तेव्हा रस्त्यात एबेला भेटली. डोक्यावर गाठोडं, पाय अनवाणी. गाडीच्या खिडकीला हात लावून ती म्हणाली, "पोरी, तुझ्या सुरीला काय दिसलं? सांग ना गं यांना."

"अजून कळलं नाही, मावशी," अफिबा म्हणाली, आणि तिनं गाडी पुढे काढली.

पुढच्या तिन्ही गावांनी एबेलाला दारात उभं केलं नाही. तिच्याआधी तिची कीर्ती पोचली होती. नवव्या दिवशी ती खारफुटीच्या कडेला मेलेली सापडली.

तेव्हापासून अफिबाचा एक दिवस धड गेला नव्हता. प्रयोगशाळेत भर उजेडात, सहकारी शेजारी असताना, सुरी उचलली की खिडकीवर हात पडल्याचा भास व्हायचा. फॉर्मालिनच्या बरण्यांच्या रांगेत त्या पाच बरण्या होत्या. तिनं त्या मागच्या फळीवर ढकलल्या, मग कपाटात ठेवल्या, कपाटाला कुलूप लावलं. तरी तिला त्या दिसतच. कुणी साधं विचारलं, "काय दिसलं, डॉक्टर?" तरी ती विषय बदलून टाके.

आता मामाच्या घरी तिनं ताट बाजूला सारलं आणि ती उठली.

"गावाला बोलवा," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर कापणार आहे मी."

"वेड लागलंय का तुला?" मामा ओरडला. पण पुळणीवर गाव आधीच जमलं होतं.

तिनं पहिली कवटी उघडली. सुपारीएवढं कानाचं हाड काढून तळहातावर धरलं. ते तडकलेलं होतं आणि भोवती रक्ताची गुठळी होती. मग फुप्फुस कापून दाखवलं. आत रक्ताचे डागच डाग. दुसरा डॉल्फिन, तिसरा, सगळीकडे तेच. शेवटी ती मामाच्या टोपलीपाशी गेली. कालच्या मासळीतला एक मासा तिनं शेपटीला धरून उचलला. तो ओल्या फडक्यासारखा लोंबला.

"याचा कणा कुणी मोडला? अयामावशीनं?"



"हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे," अफिबा म्हणाली. "मलाही माहीत होतं. दोन वर्षांपूर्वीच माहीत होतं. मी खोटं लिहिलं."

मामाचा चेहरा राखेसारखा झाला. "माझं मीठ खाऊन वाढलीस तू. आजपासून तुला मामा नाही."

"मीठ खाल्लं, मामा. म्हणून तर तेव्हा गप्प बसले. एक बाई मेली त्या गप्प बसण्यानं."

"एका म्हातारीसाठी अख्खं गाव बुडवतेस?" एक होडीवाला पुढे सरसावला. पण बायका जागच्या हलल्या नाहीत. त्यांतली एक सावकाश म्हणाली, "माझ्याही भट्टीवर चिंध्याच होतात रे. मी भीतीनं बोलले नाही." आणि ती जाऊन अयाच्या बाजूला उभी राहिली. तिच्यामागून दोघी गेल्या. बाकीच्या गेल्या नाहीत.

अफिबा अयापुढे गुडघ्यांवर बसली. "मावशी, मला..."

"ऊठ," अया म्हणाली. "माफी मागायची तर तिच्याकडे माग. मी कोण द्यायला?" मग तिनं पुळणीकडे हात केला. तिथं म्हातारे डॉल्फिनांसाठी खड्डे खणत होते, पांढरी कापडं आणली होती, समुद्राच्या पाहुण्यांसाठी दारू शिंपली जात होती. "त्यांना कापड मिळतं. माझ्या बहिणीला गोणपाटात पुरलं. चेटकिणीला ना ढोल, ना रडणं. तुझ्या त्या कागदात तिचं नाव आहे?"

"त्यात फक्त जनावरांचे मृत्यू लिहितात, मावशी."

"मग तिचाही लिही."

अफिबानं जुना अहवाल दुरुस्त केला, नव्याला जोडला आणि वरच्या कचेरीत पाठवला. पोलीस आले, कांगा आणि चार कोळी पकडले गेले. काही होड्या अजूनही लांब जाऊन सुरुंग फोडतात, हेही खरं. अया गावातच राहते. अफिबा आली की तिला पाणी देते. सोबत जेवायला मात्र बसत नाही.

पाठवल्यापासून आठवड्याभरातच तो अहवाल वरच्या कचेरीतून परत आला होता. सोबत चिठ्ठी होती: शेवटची नोंद काढून टाकावी, मनुष्याचा मृत्यू या नमुन्यात बसत नाही.

ती नोंद अशी होती: *एबेला न्यानेबा, विधवा, वय सुमारे त्रेसष्ट. शरीरावर घाव नाही. मृत्यूचं कारण: ज्यांना सत्य माहीत होतं, ते बोलले नाहीत. त्यांतली एक मी.*

अफिबानं एकही अक्षर बदललं नाही. खाली पुन्हा सही केली आणि अहवाल पुन्हा पाठवून दिला.