पहिल्या नंबरचं प्रथिन

आमच्या यादीत तेराशे प्रथिनं होती आणि शुक्रवारपर्यंत त्यातली सहा निवडायची होती. सहाच, कारण तपासणीच्या किटमध्ये जागा तेवढीच. मूत्रपिंडाच्या एका आजारावर एक औषध आहे. काहींना ते लागू पडतं, काहींचा नुसता वेळ खातं. औषध सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात रक्त तपासायचं, कोणाला ते लागू पडत नाहीये हे ओळखायचं आणि त्या माणसाचं औषध वेळीच बदलायचं, एवढ्यासाठी आमचा चार वर्षांचा खटाटोप.

पाच प्रथिनांवरून भांडणं झाली. पहिल्या नंबरच्या प्रथिनावर मात्र सगळ्यांचं एकमत. औषध लागू न पडलेल्यांच्या रक्तात ते हटकून चढलेलं होतं. आमचा आकडेवाला एरवी कशालाच हो म्हणत नाही, तोही म्हणाला, "हे सोन्यासारखं आहे." सर तर त्याला डोक्यावर घेऊन नाचत होते.

मला त्याचं तोंड बघवत नव्हतं. त्या प्रथिनाचा सगळ्यात मोठा आकडा माझ्या ताईचा होता.

नळ्यांवर नावं नसतात, नंबर असतात. पण ताई वरच्या मजल्यावर वॉर्डात होती, मी खाली प्रयोगशाळेत, आणि तिची नळी मीच खाली आणली होती. आमच्याकडे नमुने येतील तसे मोजत नाहीत. सगळे जमेपर्यंत गोठवून ठेवायचे आणि एकाच आठवड्यात एकाच यंत्रावर मोजायचे, म्हणजे आजच्या आणि उद्याच्या मोजणीत फरक पडत नाही. नव्या मुलांना हे मीच घोकून घेते. ताईची नळी अकरा महिने फ्रीझरमध्ये राहिली. ताई त्यातल्या पाचव्या महिन्यात गेली.

आकडा पाहिला त्या संध्याकाळी मी भाऊजींना फोन केला. काय गरज होती, देव जाणे. म्हटलं, "भाऊजी, तिसऱ्याच आठवड्यात कळलं असतं. औषध बदलता आलं असतं."

"आणि ती नळी कोणाकडे होती?"

"माझ्याकडे."

त्यांनी फोन ठेवला. त्याला सात महिने झाले. त्यांच्याशिवाय मला हक्काने फोन करणारं दुसरं कोणी नाही. शनिवार-रविवार घरात एक शब्द बोलायची वेळ येत नाही. सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत कोणी काही विचारलं की माझा आवाज पहिल्यांदा फुटतच नाही, घसा खाकरावा लागतो. सगळ्यांना वाटतं, बाईंना सर्दीचा त्रास आहे. खोटं कशाला सांगू, मला त्या अपराधाची सवय झाली होती. घरी गेल्यावर निदान तो तरी असायचा.

बुधवारी मी शेवटचं म्हणून यादी पुन्हा चाळत होते, तेव्हा एक गोष्ट खटकली. चौथ्या आणि नवव्या नंबरची प्रथिनं पहिल्याच्या मागोमाग चढत-उतरत होती. ही दोन्ही आम्ही सहांत घेतली नव्हती, पण मला चांगली ओळखीची. ती रक्तपेशींच्या पोटात असतात. काढलेलं रक्त नळीत तसंच पडून राहिलं, तर पेशी हळूहळू पोटातलं बाहेर सोडतात. म्हणून तर रक्त काढलं की अर्ध्या तासात यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या करायच्या असतात. पहिलंही तिथूनच येत असेल तर?

मी वॉर्डात गेले. तिथल्या मोठ्या नर्सबाई प्रत्येक गोष्टीची वेळ लिहितात. पाणी प्यायल्या तरी लिहीत असतील, अशी आम्ही त्यांची थट्टा करतो. त्यांच्या वहीत रक्त काढल्याची वेळ होती, आमच्या वहीत फिरवल्याची. चार वर्षांत कोणी या दोन वह्या शेजारी ठेवल्या नव्हत्या. वॉर्ड त्यांचा, यंत्र आमचं, मधला जिना कोणाचाच नाही.

"तुम्ही वाचा, मी लिहून घेते," म्हटलं.

दोन तासांत चित्र स्पष्ट झालं. औषध लागू पडलेली माणसं आपल्या पायांनी खालच्या खिडकीशी यायची. त्यांचं रक्त दहा मिनिटांत यंत्रात जायचं. लागू न पडलेली वर खाटेवर पडून, आणि त्यांच्या नळ्या ट्रे भरेपर्यंत टेबलावर. एक तास, दीड तास. जितका उशीर, तितकं पहिल्या नंबरचं प्रथिन जास्त. आमचं सोनं म्हणजे नळ्या रखडल्याची खूण होती.

"ही बघा, सगळ्यात उशिराची," नर्सबाई म्हणाल्या. "दहा वाजून दहाला काढलेली."

आमच्या वहीत त्या नंबरापुढे बारा पंचावन्न होते, आणि अक्षर माझं होतं.

तरी खात्री हवी म्हणून मी त्यांच्यापुढे हात केला. माझ्या धडधाकट रक्ताच्या चार नळ्या. एक लगेच फिरवली, बाकीच्या थांबवून थांबवून. गुरुवारी मोजल्या. पावणेतीन तास थांबलेल्या नळीत मीही मरणाच्या दारात होते.

शुक्रवारी सरांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

"तुम्हाला हे आत्ता सुचतंय? चार वर्षांनी?"

"हो, आत्ता. ही चूक माझीही आहे."

"आणि त्या जागी काय घालायचं?"

"काही नाही. पाचच ठेवू. नाहीतर नळीला उशीर झाला म्हणून कोणाचं तरी चांगलं चाललेलं औषध बंद होईल."

सरांनी स्वतःच यादीतलं पहिलं नाव खोडलं आणि आकडेवाल्याला बोलावलं.

घरी येऊन मी भाऊजींचा नंबर लावला. उचलतील असं वाटलं नव्हतं.

"भाऊजी, फोन ठेवू नका. तो आकडा खोटा होता. त्यावरून तिसऱ्या आठवड्यात काही कळलं नसतं. कोणालाच."

ते म्हणाले, "म्हणजे मी इतके दिवस तुला..." आणि थांबले.

"मी तरी स्वतःला वेगळं काय समजत होते?"

"पण मग एवढा मोठा आकडा आला कसा? तिचाच?"

"नळी माझ्या ॲप्रनच्या खिशात राहिली. ताई म्हणाली, बस गं जरा, आणि मी तिच्या खाटेवर बसले. अर्ध्या तासात खाली न्यायची होती. आम्ही पावणेतीन तास गप्पा मारत बसलो. तो आकडा त्याचा आहे. इतका वेळ दुसरं कोणीच कोणापाशी बसलं नव्हतं."

भाऊजींनी नाक ओढलं. त्यांचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला.

"काय बोलत होती गं ती?"

मी डोळे मिटले. खाट दिसली. ताईचे पाय दिसले, पांघरुणाबाहेर आलेले. ती हसली होती, मीही हसले होते. जीव तोडून आठवून पाहिलं.

"भाऊजी," म्हटलं, "मला एक शब्द आठवत नाही."