फाट्यावरचं बॅनर

सकाळपासून भिवराबाईचा पाय घरात ठरत नव्हता. चूल पेटवली नि तशीच विझू दिली. तीनदा अंगणात जाऊन फाट्याकडं बघून आली. वडवणीच्या वाटेवरच्या त्या फाट्यावर तिच्या धाकट्याच्या, शहादेवच्या, वाढदिवसाचं बॅनर लागलं होतं. रातोरात कुणीतरी ते फाडलं, नेमकं त्याच्या गळ्यावरून.

आता शहादेव ओसरीवर उसाचा कोयता पोत्यात गुंडाळत होता. दारात त्याचा दोस्त भारत नि आणखी दोघं मोटारसायकली चालूच ठेवून उभे.

"कुठं निघाला?"

"पंडितकाकाच्या पोराकडं. त्याचंच काम हाय."

"बघितलं का तू?"

"बघायचं काय त्यात? गप बसलो तर मान खाली घालून जगावं लागंल, आई."

भिवराबाई चरकली. शब्द तिचेच होते. सातवीत असताना पंडितच्या त्याच पोराचा मार खाऊन शहादेव रडत आला, तर तिनं दार लावून घेतलं होतं. "मान खाली घालून या उंबऱ्यात यायचं न्हाई. देऊन ये, मग जेव." तो दगड घेऊन गेला. त्या पोराच्या कपाळाला टाके पडले आणि हिनं ते गावभर मिरवलं.

"बॅनर मी फाडलंय," ती म्हणाली.

भारत हसला. "काकू, कावून खोटं बोलता?"

"तुझ्या बापाला भ्याले न्हाई, तुला कशाला भिऊ? शेळ्यांना आडोसा पायजे होता. अर्धंच निघालं."

"मग ते अर्धं कुठंय?" शहादेवनं विचारलं.

तिनं वळचणीचा विळा उपसला नि तरातरा फाट्याकडं चालू लागली. मागं पोरं.

चहाच्या हॉटेलात पंडित बशीत चहा ओतत होता. सगळ्यांदेखत तिनं उरलेलं बॅनर खसाखसा कापलं, गुंडाळी काखेत मारली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"पंडितदादा, माझ्यापायी तुमच्या पोरावर आळ आला. चुकलं माझं."

चाळीस वर्षांत तिच्या तोंडून हे कुणी ऐकलं नव्हतं. पंडितची बशी हातातच राहिली. मागून कुणीतरी ओरडलं, "शहादेवभौ, तुझ्या आईनंच फाडला की तुला!" हॉटेल हसलं. भारतही हसला. "शेळ्यांचा भाऊ!" म्हणाला नि गाडी वळवून निघून गेला.

भिवराबाईनं घरी येऊन पुन्हा चूल पेटवली, भाकरी थापल्या. बऱ्याच वेळानं शहादेव आला, पण उंबऱ्याबाहेरच थांबला.

"ये आत."

"मान खाली हाय माझी."

"असू दे. तशीच घेऊन ये."

तो जेवायला बसला. दोन घास खाल्ले, तिसरा तसाच हातात. त्यानं शेजारी टेकवलेला कोयता भिवराबाईनं पोत्यासकट आपल्या मांडीशी ओढला नि वर हात ठेवला. तेवढ्यात रस्त्यानं एक मोटारसायकल गेली. शहादेवची मान वर झाली, आणि आवाज पार विरेपर्यंत तिनं पोत्यावरचा हात काढला नाही.