बारावी सुई

बोदिलने सुया तिसऱ्यांदा मोजल्या. अकराच. फळीवरचं बारावं भोक रिकामं होतं.

गादीकाम करणाऱ्याने संध्याकाळी सुया मोजल्याशिवाय घरी जायचं नाही, हा डेन्मार्कमधल्या फ्यून बेटावरच्या या कारखान्याचा तीन पिढ्यांचा दंडक. काल बोदिलने त्या मोजल्या नव्हत्या, नुसत्या चाचपल्या होत्या. वर्षभर तिला जवळचं धूसर दिसत होतं. चष्म्याचाही उपयोग होईना. दोरा ओवायला ती संडासात जाऊन दिव्याखाली उभी राहायची, कोणाला कळू नये म्हणून. डोळे गेलेल्या अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला कामावर कोण ठेवणार?

म्हणजे सुई काल शिवलेल्या खुर्चीत होती. आणि खुर्ची पुढच्या दालनात, समारंभासाठी लावलेल्या कागदी झेंड्यांच्या मधोमध. सत्तर वर्षांपूर्वी गाजलेली ती आरामखुर्ची कारखाना आजच्या घरांसाठी पुन्हा काढत होता, आणि ही तिची पहिली प्रत. तिच्यावर पहिल्यांदा बसणार होत्या आस्ताबाई. मूळ खुर्ची त्यांच्या वडिलांनी घडवलेली. बाईंचं वय एक्याण्णव, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी.

"बोदिल, चल की! केक संपला की माझ्या नावाने खडे फोडशील," मुख्य कारागीर ओलुफ दारातून ओरडला.

"आले," ती म्हणाली.

दालनात कॉफीचा वास दरवळत होता. बोदिल खुर्चीपाशी सरकली आणि पाठीवरून, बैठकीवरून, मानेच्या उशीवरून दाबून दाबून हात फिरवू लागली. आत घोड्याचे केस गच्च भरलेले. काही लागेना.

"अगं, किती कुरवाळशील? लेक सासरी चाललीय का?" कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

बोदिलही हसली. सुई फरशीच्या फटीत गेली असेल, तिने स्वतःला समजावलं. असेलच. गप्प राहिलं तर काय बिघडतंय? एवढ्यात आस्ताबाईंनी काठी बाजूला ठेवली आणि त्या खुर्चीत बसायला वाकल्या.

"बसू नका!"

आपण एवढ्या मोठ्याने ओरडू शकतो हे बोदिललाच माहीत नव्हतं. "माझी सुई आत राहिलीय. काल मी मोजल्या नाहीत. मला... मला नीट दिसत नाही."

कारखान्याच्या साहेबांचा चमचा बशीवर पडला. ओलुफने खिशातली सुरी काढून मानेच्या उशीची, काल सगळ्यात शेवटी घातलेली शिवण उसवली आणि केस उपसायला सुरुवात केली. तिसऱ्या मुठीत सुई निघाली. टोक बाहेरच्या बाजूला होतं.

आस्ताबाईंनी नकळत मान चोळली. "मग आधी केकच खाऊ या," त्या म्हणाल्या.

"शिव परत," ओलुफने सुई बोदिलच्या हातात दिली.

सगळ्यांसमोर ती दोरा ओवू लागली. एकदा चुकला. दुसऱ्यांदा चुकला. संपलं, आता एप्रन काढून ठेवायचा, एवढंच तिच्या मनात येत होतं. ओलुफने तिच्या हातून सुई घेतली, दोरा ओवला आणि परत दिली.

"ओवून मी देत जाईन," तो हळूच म्हणाला. "मोजायच्या मात्र तूच."

संध्याकाळी बोदिलने सुया मोठ्याने मोजल्या. तिने बारा म्हणेपर्यंत कोणीही कोटाला हात लावला नाही.