आईच्या नावाचा रकाना

"नाही सापडत," कॉम्प्युटरच्या पडद्यावरची नजर न काढता नवा कारकून निकेत म्हणाला. "दुर्गा, गाव मोरवा. दोनदा टाकलं. रेकॉर्डच नाहीये."

खिडकीबाहेर दुर्गा उभी होती, शेजारी तिची आई सरूबाई. नर्सिंगला दुर्गाचा नंबर लागला होता. जन्माचा दाखला आज पाचच्या आत ठाण्याला पोचला नाही, तर ती जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती.

"मग मी जन्मलेच नाय का?" तिने विचारलं.

साल अठ्ठ्याण्णव. जन्म-मृत्यू विभागाच्या खिडकीवर कॉम्प्युटर सुरू होऊन चारच दिवस झाले होते. मागच्या टेबलावरून मृणालिनीबाई टिपणीस उठल्या. वय चोपन्न. गिरगावची खोली सोडून भाईंदरला आल्यापासून याच खिडकीत बसून त्यांनी लोकांचे जन्म शोधून दिले होते. सोमवारपासून त्यांनी टपालाच्या आवक-जावकला बसायचं होतं. 'आता नवीन पोरं बघतील,' असं साहेब म्हणाले होते, आणि त्याचा आलेला राग बाईंनी कुणापासून लपवला नव्हता. खरं तर त्याआधी आठ महिने आतल्या खोलीत बसून जुन्या रजिस्टरांतली नोंद न् नोंद दोन बोटांनी त्या मशीनमध्ये भरली होती ती त्यांनीच. त्यांचं भांडण मशीनशी नव्हतं, मशीनला काय विचारायचं यावर होतं. आईच्या नावाने शोधायची सोय हवी म्हणून कंपनीच्या माणसांशी त्या तीन मीटिंगा भांडल्या. "मूल कुणाच्याही नावावर असू दे, बाळंतीण आईच होते," असं भर मीटिंगमध्ये सुनावलं, तेव्हा कुठे तो रकाना आला. निकेतने अजून त्याला हातही लावला नव्हता.

"सरक जरा," त्या म्हणाल्या.

"मॅडम, नावच नाहीये तर काय शोधणार?"

"अरे, नोंद आठवड्यात व्हायची आणि बारसं बाराव्या दिवशी. नाव कुठून येणार? रजिस्टरात नुसतं 'मुलगी' लिहिलेलं असतं." मग खिडकीकडे वळून त्यांनी विचारलं, "सरूबाई, ही तुमची पहिली?"

"व्हय."

"म्हणजे बाळंतपण माहेरी. माहेर कुठलं?"

"काशीगाव."

निकेत खुर्ची सोडून बाजूला झाला. बाईंनी गाव बदललं, आईच्या रकान्यात 'सरूबाई' टाकलं. काहीच आलं नाही. रांगेतला एक जण "जल्दी करो मॅडम" म्हणाला. त्याच्याकडे त्यांनी नुसतं बघितलं, तेवढं पुरलं.

"नोंद करायला कोण गेलं होतं?"

"माझा बाप. सायकल मारत गेलता."

बाईंचा हात थांबला. बाप आपल्या लेकीला सासरच्या नावाने कशाला ओळखेल?

"लग्नाआधी तुमचं नाव काय होतं?"

सरूबाई गोंधळल्या. दुर्गा आईकडे बघायला लागली. आईला आणखी एक नाव असेल, हे तिच्या गावीही नव्हतं.

"अनसूया," सरूबाई हळूच म्हणाल्या. "पन त्या नावानं आता कोन बोलवत न्हाय. बाप गेला तवापासनं."

बाईंनी ते नाव टाकलं. पडद्यावर एकच ओळ आली. मुलगी. काशीगाव. आई अनसूया, वडील धर्माजी. तारीख नवरात्रातली, आणि वडिलांचं नाव दुर्गाने आणलेल्या रेशनकार्डाशी जुळत होतं.

बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी टेबलावर थापच मारली. "रजिस्टरं उपसत बसले असते तर दोन दिवस गेले असते," त्या निकेतला म्हणाल्या, आणि तेही असं, की मशीन जणू त्यांच्या माहेरचं. मुलीच्या नावाच्या मोकळ्या जागेत त्यांनी 'दुर्गा' भरलं, आईच्या नावापुढे 'ऊर्फ सरूबाई' जोडलं. प्रिंटर करकरला. सही करायला आलेल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई, सोमवारचं राहू द्या," ते म्हणाले. "तुम्ही इथेच बसा."

"बसणारच होते," मृणालिनीबाई म्हणाल्या.

दाखला छातीशी धरून दुर्गा जिन्याकडे पळाली, मागोमाग सरूबाई. तेवढ्यात बाईंच्या लक्षात आलं की दाखला मिळाल्याचा अंगठा घ्यायचा राहिला. त्या खिडकीतून वाकल्या.

"अनसूयाबाई, जरा थांबा."

अर्धा जिना उतरलेल्या सरूबाई लगेच वळल्या.

"ओ, आले," म्हणाल्या, आणि पोरीला तिथेच सोडून झरझर पायऱ्या चढून वर आल्या.