लवणारा बाण

खुशालरावांना बांबूतलं कळतं, हे मोर्शीच्या आसपासच्या पाच-सात गावांत कोणीच नाकारलं नसतं. संत्र्याचा आंबिया बहार भरात आला की फांद्या फळांच्या वजनानं जमिनीला टेकायला बघतात, मग त्यांना बांबूचे टेकू द्यावे लागतात. चाळीस वर्षांत खुशालरावांनी निवडलेला टेकू कधी दबला नव्हता. पारख अगदी सोपी. बांबू गुडघ्यावर घ्यायचा, दोन्ही हातांनी दाबायचा आणि जरा लवला की फेकून द्यायचा.

त्यामुळे नात आकांक्षा बांबूच्या धनुष्याच्या स्पर्धेत उतरायचं म्हणाली तेव्हा त्यांची छाती फुगली.

"दुकानातले बान कायले? मी हाय ना!"

धनुष्य झकास झालं. बाणांनी मात्र पार नाक कापलं. शेताच्या धुऱ्यावर तीस मीटरवर सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, ठासून भरलेलं पोतं उभं केलं होतं. आकांक्षा उजव्या हातानं दोरी ओढायची, नीट नेम धरायची, सोडायची, आणि बाण हातभर डावीकडे. एखाद-दुसरा नाही, सगळे.

"हात हालते तुया," खुशालरावांनी निकाल देऊन टाकला.

हे घरात म्हटलं असतं तर खपलं असतं. पण पारावर शेजारच्या किसनरावांनी चौकशी केली, तेव्हा चारचौघांत म्हणाले, "बान एक नंबर हाय. पोरीचाच हात डावा जाते." संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. दुसऱ्या दिवसापासून आकांक्षा नेम पोत्याच्या उजव्या कडेवर धरायला लागली, म्हणजे निदान बाण मधे तरी लागेल. अमरावतीची निवड तीन आठवड्यांवर होती. पहिले चार जण विभागाच्या संघात जाणार होते, आणि वयाच्या अटीमुळे आकांक्षाचं हे शेवटचं वर्ष होतं.

म्हातारा हट्टी होता, पण आळशी नव्हता. त्यानं पिसं उसवून पाहिली. बदकाच्या डाव्या आणि उजव्या पंखांची मिसळ झाली होती. सगळी एकाच पंखाची लावली, तेव्हा बाण डगमगायचे थांबले, डावीकडे जायचे काही थांबले नाहीत. दोरीवर बाण बसवायची जागा दोरा गुंडाळून जरा वर घेतली. बाण उसळेनासे झाले, पण डावीकडेच. शेवटी खुशालरावांनी दात-ओठ खाऊन आणखी जाड, आणखी ताठ बाण केले. ते तर पोतं सोडून थेट शेजारच्या तुरीच्या पिकात गेले.

आकांक्षाच्या बोटांना फोड आले होते. आजी पार्वताबाई हळद लावता लावता नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरीले रोज जाब इचारता. एक डाव त्या बानालेबी इचारा."

निवडीला तीन दिवस उरले आणि तुरीत हरवून हरवून बाण संपले. आकांक्षानं आजीच्या वालाच्या वेलाखालची एक काडी उपसली. खुशालरावांनी बाण करताना लवते म्हणून फेकलेल्या बांबूच्या काड्याच आजीनं वेलाला लावल्या होत्या. तिनं स्वतःच टोक बसवलं, पिसं बांधली आणि उभी राहिली. यावेळी, काय वाटलं कोण जाणे, नेम मधोमध धरला.

बाण मधोमध घुसला.

"चुकून लागला," खुशालराव म्हणाले.

दुसऱ्यांदा तोच बाण तिथंच लागला. तिसऱ्यांदाही. खुशालरावांनी दोन विटा आणल्या, तुरीत शोधून आणलेला आपला एक बाण त्यांवर आडवा ठेवला आणि मधे तराजूचं किलोचं माप टांगलं. बाण जेमतेम दबला. वेलाची काडी चांगली बोटभर झुकली. त्यांनी धनुष्य हातात घेतलं आणि कितीतरी वेळ पाहत राहिले. बाण टेकतो धनुष्याच्या डाव्या अंगाला आणि दोरी त्याला ढकलते मधून. ताठ बाण धनुष्याच्या दांड्याला धडकून बाहेर, डावीकडे फेकला जातो. लवणारा मात्र दांड्याला वळसा घालून पुन्हा रेषेवर येतो. टेकूनं लवायचं नसतं, पण बाणाला लवावंच लागतं. चाळीस वर्षांची पारख उलटी पडली होती, आणि फोड आले होते पोरीच्या बोटांना.

त्यांना फार लाज वाटली. बोलायला मात्र जीभ उचलेना. त्यांनी निमूट वालाचा सगळा मांडव उपसला आणि बारा बाण केले. वेल जमिनीवर पडले, तरी पार्वताबाई पिसं बांधायला दोरा घेऊन बसल्या.

अमरावतीच्या मैदानावर आकांक्षाचे पहिले तीन बाण उजवीकडे गेले. पुढचे तीनही तसेच. खुशालरावांना कुंपणाबाहेरून चूक दिसली. पोर घाबरली होती आणि जुन्या सवयीनं नेम उजवीकडे धरत होती. अजूनही तिला आपल्याच हाताचा भरवसा नव्हता. तो भरवसा कोणी घालवला होता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पाहुण्यांसमोर, मास्तरांसमोर, शंभर अनोळखी माणसांसमोर म्हातारा कुंपणावर वाकून ओरडला, "अकू! मधात धर! तुया हात कदीच डावा नव्हता वं! चूक मायी होती, बान माये अकडेल होते!"

एक स्वयंसेवक धावत आला आणि त्यांना दटावून मागं घेऊन गेला. लोक हसले. आकांक्षानं वळून पाहिलं, डोळे पुसले आणि पुढचा बाण दोरीला लावला.

पिवळ्यात, लक्ष्याच्या अगदी मधल्या वर्तुळात. मग पुन्हा पिवळ्यात. एकदा लालमध्ये, आणि पुढं सलग पाच पिवळ्यात! शेवटच्या फेरीपर्यंत ती तळातून वर आली, आणि यादी लागली तेव्हा तिचं नाव तिसरं होतं. खुशालरावांनी ते तीनदा वाचलं. मग नातीच्या फोड आलेल्या बोटांना कपाळ लावून ते भर मैदानात रडले.

"आबाजी, लोक पाहून राह्यले," आकांक्षा हसत म्हणाली.

"पाहू दे."

त्यांनी तिथूनच किसनरावांना फोन लावला.

"पोरगी निवडली गेली, किसनराव! पर ते मागून. आदी माया आयका. मी पारावर काय बोललो होतो, याद हाय ना? ते झूट होतं. आता उठा, पारावर जा, अन् चारचौघांत मोठ्यानं सांगा."